दोरी नसलेलं

आमचा पूल म्हणजे हौदच, जरा शिकलेला.
बावीस फूट बाय बारा, निळ्या टाइलचा,
मुरुडला, लाटेचा आवाज आत येतो इतका किनाऱ्याजवळ.
श्रीरंग म्हणाला होता, दारात दर्या असताना हे कशाला?
पण पाहुणे फोनवर आधी पूल विचारतात,
मासे ताजे आहेत का, ते नंतर.

सुरू काही विचारत नाही.
रात्रभर सुया गाळत राहतो.
वर चिऱ्याची तांबडी धूळ,
वटवाघळांनी चोखून टाकलेली उंडीची फळं,
आणि एखाद्या सकाळी तळाशी
भाडं भरल्यासारखी निवांत बसलेली चिंबोरी.

हे सगळं धर्माजी चोगले काढायचा, लांब दांड्याच्या जाळीने.
पाजपंढरीचा. एकतीस वर्षं बोटीवर.
डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत,
दोर धरलेला असावा तशीच असतात.
गेल्या पौषात कंबर धरली त्याची
आणि मी यंत्र शोधायला बसले.

एक भिंत चढतं, एक नुसतंच तळ घासतं.
एक नव्वद मिनिटं चालतं, एक दोन तास म्हणतं
(पाहुणेही दोन तासांत पोचतो म्हणतात).
एकाचं वजन अकरा किलो.
धर्माजीने विचारलं, "सुकं का ओलं?"
लिहिलं नव्हतं.
"ओलं मीच उचलनार ना? मंग ओल्याचं इचारा."
पुण्याच्या दुकानदाराला फोन केला.
तो थांबला. मागे कुणीतरी चहा ढवळत होतं.
"मॅडम, असं आजवर कुणी विचारलं नाही."

वायरवालं बारा हजारांनी स्वस्त.
पण इथल्या हवेत प्लगच्या पिना महिन्यात हिरव्या होतात,
फ्रिजचा मी आजवर तीनदा बदलला.
शिवाय पोरं धावतात काठाने, वायर दिसते कुणाला?
म्हटलं, बिनवायरचं घेऊ.

धर्माजीने तंबाखू मळायची थांबवली.
"दोरी नाय?"
नाही.
"पान्यात सोडायचं, आनि दोरी नाय?"
बॅटरी संपत आली की आपण होऊन काठाला येतं, मी म्हटलं.
वाचलेलंच सांगत होते.
तो म्हणाला, "आपन होऊन काठाला कोन येतं, ताई?"
आणि जाळी घेऊन उठला.
मला पुढे काही वाचता आलं नाही त्या दिवशी.

शेवटी साडेआठ किलोचं घेतलं. ओलं दहा,
दुकानदाराने बिचाऱ्याने खरंच भिजवून मोजलं.
बारीक जाळी, वरून उघडणारी टोपली,
भिंत चढत नाही. भिंती मी घासेन.
दापोलीहून रिक्षात, दोन फणसांच्या मधे बसून आलं.

पहिल्या दिवशी बुडबुडे काढत खाली गेलं,
तळावर एका कोपऱ्यात अडलं, मागे सरलं,
नवीन सून पहिल्यांदा स्वयंपाकघरात वावरते
तसं, भांड्याला भांडं न लावता.
धर्माजी पूर्ण वेळ उभा होता.
काठाला आलं ते.
पलीकडच्या काठाला, कण्हेरीकडे, पण आलं.
टोपलीत सुया, गाळ, आणि कुणाचीतरी टिकली.

दुसऱ्या सकाळी पाहते तर
त्याच्या मुठीला हिरवं नायलॉन,
वर पाण्यावर तरंगणारा पांढरा बोया,
जुन्या जाळ्यातला, नख मारून मारून खरवडलेला.
दोरी नसण्याचे मी बारा हजार जास्त मोजले होते.
सांगणार होते. गाठ इतकी सुबक होती.

आता संध्याकाळी चारचं ऊन कलतं तेव्हा
बोया पुलावर सावकाश फिरतो,
पाहुणे फोटो काढतात,
कधी गुंता होतो, मग मीच सोडवते.
तो पायरीवर बसलेला असतो,
वाकडी दोन बोटं गुडघ्यावर,
बोया जरा डुचमळला
की ती हलतात.